डोळे तूं घाल

मास्तरांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर तपकिरी डाग होता. काजूच्या रसाचा डाग कशानेही जात नाही, हे लाटंबार्से गावात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी मोसमात मास्तर रोज एक काजूचं बोंडू बीसकट तोडून खिशात घालत आणि त्यांची विधवा बहीण रोज कपाळाला हात लावी. ते बोंडू खाण्यासाठी नसे. कोणी चित्र शिकायला येऊन "मास्तर, म्हाका माणूस काडपाक शिकयात" म्हटलं, मग तो पाव विकणारा पोदेर असो की पंचायतीतला कारकून, मास्तर ते बोंडू खिशातून काढून त्याच्या नाकासमोर उलटं धरत. वर आलेली बी म्हणजे डोकं. खाली बोंडू म्हणजे धड. बी पुढे झुकलेली असली तर माणूस हरवलेलं काहीतरी शोधतोय, मागे कललेली असली तर त्याला नुकतीच सरकारी नोकरी लागली आहे. "आतां हाका दोन पाय दी, दोन हात दी आनी घरा धाड," ते म्हणत. मोसम संपला की वांगं आणि त्यावर काडीने टोचलेलं लिंबू, यावर ते भागवून घेत.

मास्तर यंदा मार्गशीर्षात गेले. बाराव्याच्या जेवणाला जमलेले लोक त्यांच्या तऱ्हा आठवून हसत होते, आणि मीही हसले. पण माझं त्यांच्याकडे एक जुनं काम होतं. पाचवीत असताना मी भर वर्गात त्यांना एक वाक्य बोलले होते आणि ते मला परत घ्यायचं होतं. एवढ्याशा कामाला मी तीस वर्षं लावली. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

ते आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी घराशेजारच्या मोठ्या खोपीत त्यांनी वर्ग सुरू केला. शिकवायचं एकच, साधी गमतीची माणसं काढणं, आणि तेही ज्याने जन्मात पेन्सिल धरलेली नाही त्याला. ज्याला चित्र येतं त्याला ते घेतच नसत. एकदा साखळीहून एक मुलगी बक्षिसं मिळालेली निसर्गचित्रं घेऊन आली, तर तिला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. "तुजो हात बिगडला, बाय. आतां कितें उपेगाचें ना," असं वर सांगितलं. ती रडत गेली.

पहिला नियम पायांचा. चित्र पायांपासून सुरू करायचं. "पाय नासतना माणूस उबो खंय रावतलो?" लग्नात ते मांडवाकडे पाठ करून, चपला काढलेल्या जागेकडे तोंड करून बसत. एका लग्नात पत्रिकेच्या मागे त्यांनी नुसत्या चपला बघून आठ माणसं काढली. कोणाची टाचेकडे झिजलेली, कोणाची अंगठ्याशी फाटलेली. जेवण झाल्यावर ती पत्रिका पंगतीत फिरली आणि ज्याने त्याने आपापला माणूस ओळखला. नवऱ्या मुलाच्या मामाने स्वतःला ओळखलं आणि पुढे वर्षभर मास्तरांशी बोलणं टाकलं.

दुसरा नियम, पुसायचं नाही. कोणाकडे खोडरबर दिसलं की ते काढून घेऊन खोपीच्या कौलांवर भिरकावत. पावसाळ्यात पन्हळीतून खोडरबरं खाली येत. "चुकल्ली रेघ पुसूं नाका. तिका कितें तरी काम दी." हात फार लांब झाला तर त्याला फणस उचलायला द्या. पाय वाकडा आला तर काटा मोडला आहे. पुढे मीही त्या वर्गाला जायला लागले; एकदा चित्रातल्या बाईच्या डोक्यावरून चुकून आडवी रेघ ओढली तेव्हा मास्तर म्हणाले, लाकडांचा भारा आहे, आता तिला जरा वाकव. मी वाकवली, तर बाई खरंच दमलेली दिसायला लागली.

तिसरा नियम मात्र नियम नव्हता, खोड होती. फळ्यावर, कागदावर, पोदेराच्या पावाच्या पिशवीवर ते पाय, धड, हात, डोकं, केस, टोपी सगळं आठ-दहा रेघांत काढत आणि पेन्सिल समोरच्याच्या हातात देत. "दोळे तूं घाल. दोन ठिपके. चड शाणपण नाका." स्वतः ते ठिपके कधी घालत नसत. वर्गात एक निवृत्त बस कंडक्टर होता, तो म्हणायचा, मास्तरांना जवळचं दिसत नाही आणि चष्म्याची लाज वाटते. सगळे त्याला हसत. कारण मला ठाऊक होतं, म्हणून मी तेवढी खाली बघून बोंडू रंगवत बसायची.

ती खोप म्हणजे गणपतीची शाळा होती. मास्तरांचं घराणं मूर्ती करणारं. आमच्याकडे रीत अशी की नागपंचमीच्या सुमाराला प्रत्येक घर आपला लाकडी पाट मूर्तिकाराकडे नेऊन ठेवतं. त्या पाटावर त्या घरचा गणपती घडतो आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी येतो. दुकानात जाऊन आवडेल तो उचलायचा, असं नाही. आजोबा-पणजोबांपासून जे घर ठरलं ते ठरलं. भिंतीशी ओळीने पाट उभे असत, वर भिंतीवर खडूने घरांची नावं. पाट यायचा थांबला म्हणजे त्या घराने तुमच्याकडे पाठ फिरवली. ते तोंडाने कोणी सांगत नाही, आणि कोणी विचारतही नाही.

मी दहा वर्षांची होते त्या साली मास्तरांचे वडील चतुर्थीच्या आठ दिवस आधी अर्धांगाने पडले. मूर्ती सगळ्या रंगवून झाल्या होत्या, डोळे तेवढे राहिले होते. डोळे शेवटी, आणि ते फक्त वडिलांनीच काढायचे. मास्तर तेव्हा शाळेत मुलांना गमतीची माणसं शिकवत. देवाला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण घरात दुसरं होतं कोण? चाळीसेक मूर्तींचे डोळे त्यांनी एकट्याने काढले. आमचा गणपती आणायला माझा दादा गेला होता. वीस वर्षांचा, नवी मोटारसायकल घेतलेला. मूर्ती मखरात ठेवली आणि आई बघतच राहिली. डाव्या डोळ्यातलं बुबुळ थोडं कोपऱ्याला सरकलं होतं.

"देव दाराकडेन पळयता गो," आई म्हणाली.

"पोदेराची वाट पळयता तो," दादा म्हणाला. "सकाळीं पाव मेळूंक ना आसतलो ताका." घरभर हशा झाला. आईसुद्धा हसली, मला चांगलं आठवतं.

कार्तिकात दादा सकाळी मोटारसायकल काढून दारातून बाहेर पडला आणि खाणीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला.

त्यानंतर आईने ते धरून ठेवलं. देव दाराकडे बघत होता, देवाला ठाऊक होतं, डोळा वाकडा काढला म्हणून असं झालं. दिवसभर ती हे भिंतीला सांगायची. मी ऐकत होते. महिन्याभराने शाळेत गेले तेव्हा चित्रकलेचा तास होता. मास्तरांनी फळ्यावर टोपीवाला माणूस काढला, त्याला डोळे काढले, वर्ग हसला. मी उभी राहून म्हणाले, "तुमी गणपतीचे दोळे वांकडे काडले, म्हणून म्हजो दादा मेलो."

मास्तरांनी डस्टरने त्या माणसाचे डोळे पुसले. मी त्यांना काही पुसताना पाहिलं ते तेवढंच. मग ते बाकांमधून माझ्यापर्यंत आले आणि खडू माझ्या हातात दिला. "दोळे तूं घाल," म्हणाले. मी फळ्याशी जाऊन दोन ठिपके दिले. तेव्हापासून ते तसंच चालू राहिलं.

वर्गात चाळीस मुलं होती. ते वाक्य त्यांनी संध्याकाळपर्यंत चाळीस घरी नेलं. आमच्या घरी वर्षभर सण नव्हता; त्यापुढच्या नागपंचमीला आमचा पाट पलीकडच्या वाड्यावरच्या मूर्तिकाराकडे गेला. पण आमच्याआधीच दुसऱ्यांचे गेले होते. दोन-तीन वर्षांत मास्तरांची भिंत रिकामी झाली. मास्तरांचे वडील खाटेवर पडून विचारत, "पाट येवंक ना?" मास्तर सांगत, पाऊस आहे बाबा, लोक उशिरा आणतील. हे मला त्यांच्या बहिणीने खूप नंतर, वाल सोलता सोलता, कसलाही राग न धरता सांगितलं. म्हातारे पाट येण्याची वाट बघतच गेले.

मी लग्न होऊन हरमलला गेले आणि पुढे अंगणवाडीत लागले. तिथे हात धुणारी माणसं, रांगेत उभी माणसं, असले तक्ते काढावे लागतात आणि मला तर धड गोळा काढता येत नव्हता. रविवारी दोन बस बदलून माहेरी यायचं, आईला जेवण करून घालायचं आणि मास्तरांच्या वर्गाला जायचं, असं ठरवलं. खरं कारण तक्ते नव्हते. वाटलं होतं, पहिल्याच रविवारी सांगून मोकळी होईन. त्यांनी मला बघताक्षणी ओळखलं. "बस गो बाय," म्हणाले आणि बोंडू उलटं धरलं. मी बसले. चार वर्षं बसत राहिले. दर रविवारी परतताना बसमध्ये मी स्वतःला शिव्या द्यायची आणि दर रविवारी पुढच्या रविवारचा वायदा करायची.

एकदा मास्तर हरमलला आले, माझे तक्ते बघायला. किनाऱ्यावर नेलं तर समुद्राकडे त्यांनी बघितलंही नाही, विदेशी लोकांचे अनवाणी पाय बघत राहिले. "हांचे पांय जमनीक लागनात. घराकडले न्हय मगो," एवढंच म्हणाले. मग अंगणवाडीत आले. भिंतीवर मी काढलेली पंधरा-वीस माणसं होती. छत्रीवाला, माशांची पाटी घेतलेली, रांगेतली, हात धुणारी. मास्तर हात मागे बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले.

"पाय बरे आसात," ते म्हणाले. "पूण सगळे सामके सरळ पळयतात. कोण कोणाक पळयना."

खरं होतं. मी प्रत्येकाचे ठिपके नेमके मधोमध दिले होते. ठिपका जरा इकडे सरकवायला माझा हात धजत नव्हता. मास्तरांना ते कळलं असणार. मी चहा आणायला आत गेले आणि उगीच उशीर लावला.

यंदा आषाढात बहिणीचा निरोप आला की मास्तरांचा हात कापायला लागला आहे, कप धरवत नाही. त्या रविवारी मी आईला म्हटलं, "आई, औंदा पाट मास्तरांगेर व्हरतां." बाबा गेल्यापासून घरचा गणपती आई आणि मीच बघतो. आई तांदूळ निवडत होती. बराच वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "शाळेंत तूं उलयलें, तें उतर तुजें नासलें. म्हजें आशिल्लें." वर्गातला तो शब्द माझा नव्हता, तिचा होता. दुपारी मी उठून बघते तर पाट काथ्याने घासून, पुसून, दारापुढच्या बाल्कांवावर उन्हाला उभा केलेला.

मी तो काखेत मारून मास्तरांच्या खोपीत नेला. ते खुर्चीवर, आपल्या कदेलावर, बसले होते. पाट बघून उभे राहिले, मग पुन्हा बसले. मी तो रिकाम्या भिंतीशी ठेवला. आमच्या घराच्या नावातली दोन अक्षरं भिंतीवर खडूने लिहिलेली अजून दिसत होती. मास्तर पाटाकडे आले आणि त्याचा एक पाय डुगडुगतो म्हणून त्याखाली कागदाची घडी सारायला लागले. ती काही केल्या नीट बसेना. मी तिथेच उभ्या उभ्या बोलून टाकलं.

"मास्तर, शाळेंत हांवें तुमकां एक उलयल्लें."

"खबर आसा."

"तें खोटें."

"दोळो वांकडो आशिल्लो, बाय. तें खरें."

"चुकून जाता. आठ दीस एकट्यान काम केल्लें तुमी."

"चुकून न्हय." त्यांनी घडी सोडून दिली. "म्हजो हात चुकूंक ना. हांवें मुद्दाम काडलो. तुजो दादा ह्या दारांत उबो आशिल्लो. भटजी पावलो, भटजी पावलो, देव दियात, म्हूण उड्यो मारतालो. म्हाका हांसूं आयलें. म्हटलें, देवाक दाखोवया कोण हो घाई करपी. इल्लोसो दोळो ताचेकडेन वळयलो. देव दाराक पळयनासलो गो. ताका पळयतालो."

खोपीत एक डास गुणगुणत होता, तो मी हाकलला. देव दाराकडे नव्हे, दादाकडे बघत होता, आणि तीस वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन फिरला. हात चुकला म्हणाला असता तर लोकांनी कधीतरी सोडून दिलं असतं. गंमत केली, हे तो मेलेल्या मुलाच्या आईला कोणत्या तोंडाने सांगणार होता? मला रडू आलं. मास्तर म्हणाले, "रडूं नाका. पाट भिजतलो." त्यांनी ते विनोदाने म्हटलं की खरंच, ते मला आजही सांगता येणार नाही. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि वाती वळत होती.

मूर्ती त्यांनी कापऱ्या हातांनी केली. लहानशी, वीतभर. बहीण माती मळून द्यायची. चतुर्थीच्या सकाळी मी गेले तेव्हा रंग सुकला होता आणि डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा होता. मास्तरांनी कुंचला माझ्यापुढे केला. "दोळे तूं घाल."

"ना मास्तर. औंदा तुमी."

त्यांनी कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि मूर्तीजवळ नेला. टोक थरथरत होतं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. रंग सुकला, पुन्हा बुडवला, पुन्हा सुकला. तीनदा तसं झालं. मग त्यांनी कुंचला माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आतां जायना, बाय." ते जाऊन दारात उभे राहिले, दादा उभा होता तिथे, आणि तिथून बघत राहिले. मी दोन ठिपके दिले. मधोमध, सरळ. इथेही माझा हात धजला नाही.

आई मखराशी वाट बघत होती. मी पाट ठेवला. तिने चष्मा पुसला, वाकून बघितलं. "खंय पळयता तो?"

"सरळ," मी म्हटलं.

आईने पाटाची कड दोन्ही हातांनी धरली आणि हळूहळू, अक्षता सांडू न देता, देव दाराकडे वळवला. आरतीला आलेल्या शेजारणीने म्हटलंही, की अगो, देव वाकडा बसला आहे. आई म्हणाली, "आसूं दी. तो येता तेन्ना दिसपाक जाय ताका." तो म्हणजे दादा, हे शेजारणीला कळलं नसावं. दीड दिवस गणपती दाराकडे तोंड करून बसला होता.

हे मास्तरांना सांगायला मी दुसऱ्याच रविवारी जाणार होते. पण पाऊस लागला, मग अंगणवाडीची पाहणी निघाली, मग सासूबाई पडल्या, मग दिवाळी आली. कारणं सगळी खरी आहेत. त्यांची बहीण सांगत होती, दर रविवारी ते कदेल दारात काढून ठेवायला लावत, बाय आज येईल, देव घरात कसा दिसला ते सांगेल, म्हणून. मार्गशीर्षात एका सकाळी ते कदेलावरच गेले. आईने देव वळवला, हे त्यांना कळलं नाही.

बाराव्याला बहिणीने मला एक कागद दिला. उशीखाली होता म्हणाली. रेघा सगळ्या कापऱ्या, पण पुसलेली एकही नाही. पाटावर छोटा गणपती, आणि दारात, पाय आधी काढलेले, टाचा उचललेल्या, उड्या मारायच्या बेतात असलेला एक मुलगा. डोक्याची बी मागे कललेली. दोघांनाही डोळे नाहीत.

कागद हरमलला घेऊन आले आणि पेन्सिल घेऊन बसले. गणपतीचे ठिपके मी कोपऱ्यात सरकवले, दाराकडे. या वेळी हात धजला. दादाचे मात्र राहिले आहेत. त्या सकाळी दारात उभा राहून तो देवाकडे बघत होता, मास्तरांकडे बघत होता की बाहेरच्या मोटारसायकलकडे, ते मी विचारलंच नाही, आणि ज्यांनी पाहिलं होतं ते आता नाहीत.